ठाऊक नसलेली गाठ

"बाळ पालथं पडलं की घरात गोड करत्यात," हिरवा झगा सावरत टेबलावर चढताना आत्याबाई यास्मिनला म्हणाल्या. "माझ्या सुनंला सांग, आज घरी जाऊन शिरा कर म्हणावं. सासू पालथी पडली."

यास्मिन मुल्ला ही आमच्या मिरजेच्या हॉस्पिटलातली एमआरआयची तंत्रज्ञ. ती खळखळून हसली आणि आत्याबाईंना हलकेच पुढं वाकवून नीट झोपवायला लागली. स्तनांच्या एमआरआयला पालथंच झोपावं लागतं. छातीखाली दोन खोलगट वाट्या असतात, तोंड खाली एका भोकात, हात डोक्याच्या वर. आत्याबाई म्हणाल्या, हे तर लोटांगण झालं, निदान नारळ तरी फोडा. मी काचेच्या अलीकडं उभी होते. एरवी त्यांच्या असल्या बोलण्यावर मी दोन वाक्यं तरी परत टाकली असती, पण त्या दिवशी मला काही सुचत नव्हतं.

आमच्या भागात सासूला आत्याबाई म्हणतात. त्यांचं खरं नाव हौसाबाई, आणि नाव ठेवणाऱ्यानं अगदी बघून ठेवलं होतं. त्यांच्या डाव्या स्तनात गाठ होती. सुईनं तुकडा काढून तपासून झाला होता, कॅन्सर असल्याचं कळलं होतं, पुढच्या आठवड्यात डॉक्टर अळतेकर ऑपरेशन करणार होते. गाठ मॅमोग्राफीत दिसत होती, बोटालाही लागत होती. म्हणजे त्या तपासणीची आत्याबाईंना स्वतःला काडीची गरज नव्हती. त्या तिथं पालथ्या पडल्या होत्या त्या लेकीसाठी.

त्यांची लेक रत्ना, माझी नणंद, जयसिंगपूरला दिलेली. आत्याबाईंची आई ह्याच आजारानं गेली, पाठची बहीण गेली. आता स्वतः आत्याबाई. पुढचा नंबर कुणाचा, हे सांगायला डॉक्टर लागत नाही. रत्नाताईंचं मॅमोग्राफीत काही धड कळायचं नाही. काही बायकांचे स्तन आतून दाट असतात, फोटोत सगळं पांढरं येतं आणि गाठही पांढरीच. दुधात पडलेला तांदळाचा दाणा शोधायचा तसं ते काम. अशा बायकांना एमआरआयच हवा, आणि त्यासाठी हाताच्या शिरेतून एक औषध टोचतात. ते औषध रक्तातून गाठीपर्यंत जातं आणि तिला उजळवतं. हजारो लोकांना ते काहीही न होता देतात. रत्नाताईंना मात्र दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या गावी ते टोचलं आणि त्यांचा घसाच आवळला. अंगभर गांधी उठल्या, श्वास घेता येईना. चार लोक धावले म्हणून वाचल्या. त्या दिवसापासून त्यांनी ठरवलं होतं की मरण आलं तर येवो, पण ती सुई पुन्हा नाही. आणि सुई नाही म्हणून तपासणीच नाही. आम्ही समजावून थकलो. मी विषय काढला की त्या भाजीचा विषय काढत.

आणि मी कोण, तर त्यांची वहिनी. त्या सुईशिवाय गाठ दिसते का हे शोधण्यात काही वर्षं डोकं घालून बसलेली क्ष-किरण विभागातली डॉक्टर. अळतेकर माझ्या ह्या उद्योगाला 'वैजयंतीचं बिनसुईचं शिवणकाम' म्हणायचे. मनातनं वाईट नव्हते, पण जेवणाच्या टेबलावर सगळ्यांदेखत म्हणायचे.

माझं काम समजायला अवघड नव्हतं. आपल्या शरीरात पाणी असतं आणि ते सारखं हलत असतं. जिथं जागा मोकळी तिथं ते ऐसपैस फिरतं. कॅन्सरच्या गाठीत पेशी इतक्या दाटीनं बसलेल्या असतात की पाण्याला हलायला वाव राहत नाही. यंत्राला नीट शिकवलं तर ते हे अडकलेलं पाणी ओळखतं आणि तेवढा भाग चमकवून दाखवतं. त्याला औषध टोचायची गरज नाही. आत्याबाईंना मी हे एकदा स्वयंपाकघरात सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, म्हणजे जत्रंत अडकल्यागत. मी म्हटलं, अगदी तसंच.

तुकड्याचा रिपोर्ट आला त्या दिवशी घरात कुणी नीट जेवलं नाही. माझा नवरा विश्वास अंगणात जाऊन गाडी पुसत बसला, पुसलेलीच गाडी. आत्याबाई तेवढ्या शांत होत्या. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले तेव्हा त्यांनी मला विचारलं, "वैजू, माझी गाठ तुझ्या त्या बिनसुईच्या मशिनीत दिसंल का?"

"दिसायला हवी."

"मग काढायच्या आधी बगून घे. एकदा काढून टाकली की रत्नीला काय दाखवशील?"

स्वतःच्या कॅन्सरची बातमी पचवायला त्या बाईला एक दुपारही लागली नव्हती. त्या पुढच्या कामाला लागल्या होत्या.

तर अशा त्या यंत्रात गेल्या. यास्मिननं त्यांच्या कानांवर हेडफोन बसवला, हलू नका म्हणून दोनदा बजावलं. त्यांनी दोन्ही वेळा मान डोलावली. यंत्र सुरू झालं. आधी ठकठक, मग घरघर, मग एकसुरी धडधड. एमआरआय फार बडबडं यंत्र आहे. आमच्या माइकमधून त्या आवाजाशिवाय दुसरं काही ऐकू येत नव्हतं.

चित्रं पडद्यावर आली आणि माझं तोंड उतरलं. ओल्या शाईवरून कुणी बोट फिरवावं तसं सगळं फरफटलं होतं. जिथं गाठ आहे हे मला पक्कं माहीत होतं, तिथंही नुसता राखाडी चिखल. आम्ही पुन्हा घेतली, पुन्हा तेच. यास्मिननं आत जाऊन उशा बदलल्या, पट्टा आवळला. तिसऱ्यांदाही तेच. ह्या प्रकारच्या चित्रांना जरासुद्धा हालचाल खपत नाही, पण आत्याबाई तर काचेतून बघताना दगडासारख्या पडून होत्या. मग खोट यंत्रात असणार, किंवा मी त्याला जे शिकवलं होतं त्यात.

अळतेकर सहज डोकावायला आले. पडदा बघून त्यांनी काही थट्टा केली नाही, तेच मला जास्त लागलं. ते म्हणाले, बाईंच्या किडन्या ठणठणीत आहेत, त्यांना कुठलीही ॲलर्जी नाही, टोच ते औषध आणि मोकळी हो. मी म्हटलं, टोचलं तर गाठ दिसेल हो, पण रत्नाताईंना दाखवायला माझ्या हातात काय राहील? ते खांद्यावर थोपटून निघून गेले.

आत्याबाई बाहेर आल्या. गालावर उशीचे वळ उठले होते. "दिसली?" मी नाही म्हणून मान हलवली. त्यांनी माझी हनुवटी धरली आणि म्हणाल्या, "मग परत येऊ की. मला कुटं शेताला जायाचंय?" पण यंत्रावर पेशंटांची रांग होती. ऑपरेशनच्या आधी एकच मोकळी वेळ निघत होती, शनिवारी दुपारी. तेव्हाही चित्रं अशीच आली तर गाठ निघून जाणार होती आणि रत्नाताईंना यंत्रात घालायची माझी एकमेव आशाही तिच्याबरोबरच.

दुसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघरात विश्वासपुढं माझं रडगाणं गात होते. आकडे बदलून बघितले, चुंबकाची तपासणी केली, कंपनीच्या इंजिनिअरशी बोलले, सगळं ठीक आहे म्हणतो, मग बिघडतंय कुठं. विश्वास चहा गाळत होता आणि नवरे ऐकतात तसं ऐकत होता. आत्याबाई खाली बसून मेथी निवडत होत्या. माझं एक वाक्य संपलं की त्या म्हणायच्या, "हूं." दुसरं संपलं की पुन्हा, "हूं." नवऱ्याचं लक्ष नाही आणि सासू प्रत्येक वाक्याला हुंकार देतेय, ह्याचं मला त्यातही हसू आलं. मी त्यांच्याकडं वळले. प्रत्येक हुंकाराबरोबर त्यांची मान किंचित खाली जात होती आणि छाती वर येत होती.

मी त्यांच्यापुढं खाली बसले. "आत्याबाई, मशीनमध्ये तुम्ही काय करत होता?"

"पडून हुते की."

"हूं म्हणत होता?"

"मग? ती बया एवढा घसा फोडून बोलत हुती. तिनं बोलायचं आन् आपण मुक्यानं पडायचं? माणूस बोलतंय तर हूं म्हणावं एवढी तरी रीत हाय का न्हाई?"

विश्वासनं गाळणं तसंच धरून ठेवलं आणि हसायला लागला. मग मीही. आत्याबाईंना कळेना की आम्हाला झालं काय. त्यांच्या माहेरी, खानापूरकडच्या खेड्यात, कुणी गोष्ट सांगायला बसलं की ऐकणाऱ्यांपैकी एकानं हूं म्हणायचंच. हूं थांबलं की सांगणारा थांबतो, त्याला वाटतं मंडळी झोपली. लहानपणी हे काम आत्याबाईंकडं असायचं, आणि गेली साठ वर्षं त्या ते इमानानं करत होत्या. आमच्या यंत्राची गोष्ट अडू नये म्हणून तिलाही त्यांनी हूं दिलं होतं, ठकठकीच्या प्रत्येक खेपेला एक. काचेतून आम्हाला त्यांची पाठ दिसत होती, आणि हुंकार यंत्राच्या धडधडीत बुडून गेले होते.

खोट यंत्रात नव्हती, माझ्या कामातही नव्हती. मला त्यांना मिठी मारावीशी वाटली आणि मी मारली. मेथी सांडली म्हणून त्या ओरडल्या.

आता प्रश्न असा की त्यांना हूं न म्हणायला शिकवायचं कसं. त्यांनी घरी दोनदा प्रयत्न करून बघितला. मी समोर बसून बोलायची आणि त्यांनी गप्प राहायचं. तिसऱ्या वाक्याला त्यांच्या नकळत हूं निघून जायचं. त्या स्वतःवरच वैतागल्या. म्हणाल्या, उलट उत्तर देऊ नको म्हणालीस तर जमंल, पण हे कसं जमावं? शेवटी त्यांनाच आठवलं. चातुर्मासात त्या मुक्यानं जेवायच्या. पानावर बसल्यापासून हात धुवेपर्यंत घरात चोर शिरला तरी चकार शब्द काढायच्या नाहीत. मी म्हटलं, मग समजा तुम्ही पानावर बसलाय. त्यांनी विचार केला आणि म्हणाल्या, "मग आधी उपाशी ऱ्हाते. भरल्या पोटी खोटं वाटंल."

तपासणीला उपाशी राहायची काही गरज नव्हती. तरी शनिवारी त्या सकाळपासून जेवल्या नाहीत. यास्मिननं त्यांना झोपवलं, त्यांनी डोळे मिटले, मनातल्या मनात ताट वाढून घेतलं असणार. यंत्र ठकठकायला लागलं. मी ह्या वेळी आतच थांबले, कानात बोळे घालून, त्यांच्या पाठीवर हात ठेवून. हाताखाली फक्त संथ श्वास लागत होता.

चित्रं आली ती आरशासारखी. डाव्या बाजूला, अळतेकरांचं बोट जिथं पडत होतं नेमकी तिथं, काळोखात गाठ चमकत होती. सुई नाही, औषध नाही, काही नाही. यास्मिननं तोंडावर हात दाबून धरला. मी आत्याबाईंना आणून पडद्यापुढं बसवलं आणि दाखवली. त्यांनी बराच वेळ बघितलं. "एवढीशीच हाय की," त्या म्हणाल्या, आणि मग, "आता जेवायला वाड."

रविवारी रत्नाताई आईला भेटायला आल्या. जेवणं झाल्यावर मी लॅपटॉप उघडला. आत्याबाई शेजारी बसल्या होत्या, लग्नाचा अल्बम दाखवायला बसाव्यात तशा. मी सगळं सांगितलं, पाणी, दाटी, चमक. रत्नाताईंनी नीट ऐकून घेतलं. त्या काही अडाणी नव्हत्या. जयसिंगपूरच्या शाळेत गणित शिकवायच्या, आणि भीतीला त्यांच्याकडं नेहमी चांगली कारणं असायची.

"वहिनी, ही गाठ तुला ठाऊक होती ना?"

"हो."

"कुठं आहे ते ठाऊक होतं. केवढी आहे ते ठाऊक होतं. मग ती दिसली ह्यात काय सिद्ध झालं? मुलांना उत्तर आधी सांगून गणित घातलं तर सगळीच पास होतात. माझी गाठ असली तर ती तुला ठाऊक असणार आहे का? तुझं मशीन नाही म्हणालं आणि आत असलीच तर?"

मी लॅपटॉप मिटला. त्यांचं म्हणणं खरं होतं. रत्नाताईंना निरोप द्यायला आत्याबाई फाटकापर्यंत गेल्या आणि परत आल्या तेव्हा पहिल्यांदाच मला त्या आजारी वाटल्या. इतके दिवस त्यांना कॅन्सर होता, पण आजारी त्या त्या संध्याकाळी दिसल्या.

सोमवारी मी रागातच चित्रं उघडली. राग कुणावर होता कोण जाणे. उत्तर आधी ठाऊक नसलेलं काहीतरी मला हवं होतं, म्हणून मी गाठीकडं बघायचं सोडून बाकीचं सगळं बघायला लागले. पालथं झोपवल्यावर चित्रं दोन्ही बाजूंची येतात. उजव्या बाजूचं काम कुणी मागितलंच नव्हतं. मॅमोग्राफी तिला निर्मळ म्हणत होती, अळतेकरांच्या बोटांनाही तिथं काही लागलं नव्हतं. मी एकेक थर खाली सरकत गेले. अगदी आत, बरगडीजवळ, मुगाएवढा एक ठिपका चमकला.

मी पुढं गेले, मागं आले. ठिपका तिथंच होता. मी यास्मिनला बोलावून नुसतं चित्र पुढं केलं आणि काहीच सांगितलं नाही. तिनं त्याच ठिकाणी बोट टेकवलं आणि माझ्याकडं बघितलं. खरं तर मला आनंद व्हायला हवा होता. इतकी वर्षं मी ह्याच क्षणासाठी खपत होते. पण ते पाणी कुण्या अनोळखी बाईच्या शरीरात अडकलं नव्हतं, आणि मला तिथल्या तिथं रडू आलं.

अळतेकरांना सांगितल्यावर त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. ऑपरेशन पुढं ढकललं. मी सोनोग्राफीनं नेमकी ती जागा शोधली आणि सुईनं तुकडा काढला. आत्याबाईंना एवढंच सांगितलं की उजव्या बाजूचीही खात्री करून घेतोय. त्यांनी का, कशाला, काही विचारलं नाही. रिपोर्ट आला तो मी गाडीत बसून वाचला. त्या मुगाएवढ्या ठिपक्यातही कॅन्सरच होता. अळतेकर म्हणाले, ह्या वेळी सापडलाय म्हणून एवढ्यावर भागेल, आणखी दोन वर्षांनी हाताला लागला असता तर मी तुला काही सांगू शकलो नसतो. दोन्ही बाजूंचं एकाच वेळी काढू, घरी जाऊन सांग.

घरी जाऊन सांग म्हणणं सोपं असतं. मी फाटकात चप्पल काढून उगाच उभी राहिले. विश्वास कामावर होता. आत्याबाई माजघरात वाती वळत बसल्या होत्या. माझ्याकडं बघून त्यांनी कापूस खाली ठेवला.

"दुसऱ्या बाजूलाही आहे, आत्याबाई," मी म्हटलं. "बारीक आहे, लवकर सापडलीय, सगळं नीट होईल. पण आहे."

मी त्यांचा हात धरायला गेले तर त्यांनीच माझा धरला.

"ही तुला आधी ठाऊक न्हवती न्हवं?"

"नव्हती."

"अळतेकर डॉक्टरास्नी?"

"कुणालाच नव्हती."

"त्या दुसऱ्या फोटोत?"

"मॅमोग्राफीतही दिसली नव्हती. आपल्याच मशीननं दाखवली."

त्यांनी माझा हात सोडला, गुडघ्यावर रेटा देऊन उठल्या आणि आत गेल्या. मला वाटलं एकटं रडायला गेल्या. डब्याचं झाकण वाजलं. मी मागोमाग गेले तर देवापुढं वाटीत साखर ठेवून त्या हात जोडून उभ्या होत्या. घरात लग्न ठरलं, कुणी पास झालं, बाळंतीण सुटली, की आमच्याकडं देवापुढं साखर ठेवतात.

"आत्याबाई, अहो, कॅन्सर आहे तो. साखर कसली ठेवताय?"

"असू दे की," त्या म्हणाल्या. "माझं काय, एक कापायची ती दोन कापतील. पण रत्नीला आता बोलायला जागा उरली न्हाई. लाव फोन."

मी फोन लावला, पण मला बोलवेना, तेव्हा त्यांनीच तो घेतला. रत्नाताईंना त्यांनी सगळं सांगितलं, बाजारभाव सांगावेत तसं. मग रत्नाताई रडत असल्याचं मला अलीकडं ऐकू आलं, आणि त्या रडण्यातूनच त्यांनी विचारलं, उद्या किती वाजता येऊ. त्यांची चित्रं स्वच्छ निघाली. तेव्हापासून त्या दर वर्षी येतात, आणि चार वर्षांनी एकदा एक ठिपका दिसला तोही वेळेवर काढला, पण हे सगळं नंतरचं.

त्या दुपारी आत्याबाईंनी फोन ठेवला आणि वाटीतली साखर माझ्या तळहातावर घातली. मला ती गिळवत नव्हती. त्या समोर उभ्या होत्या आणि माझ्याकडं बघून इतक्या सुखानं हसत होत्या की मी ती खाल्ली.